गिरणीचा भोंगा आणि हवामानाचे शिक्षण

हवामानबदल शिकवताना संशोधकाने स्वतःच्या घराण्याचा इतिहास बाजूला ठेवून केवळ आकडे शिकवावेत, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. माझे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापडगिरणीत कामगार होते. १८६७ मध्ये रेल्वे येथवर आली, १८७७ मध्ये कापूस आणि कोळशाच्या बळावर ती गिरणी सुरू झाली, आणि म्हणून हवामानबदल शिकवताना मी तिच्या भोंग्यापासूनच सुरुवात करते. आजोबांना तिच्या धुराचाही अभिमान होता, हे मी वर्गात लपवत नाही. २३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपुरातील अंबाझरी तलावाचे पाणी वस्त्यांत शिरल्यानंतर माझ्या विद्यार्थ्यांनी पावसाचे आकडे तर मांडलेच, परंतु शहरातून वाहणाऱ्या नाग नदीचे पात्र केव्हा आणि कोणी आवळले, हेही त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारले.