व्हॅलोरंट (पाच विरुद्ध पाचचा ऑनलाइन गोळीबाराचा गेम): जिंकलो की +15, हरलो की −25. आरआरचा (रँकच्या गुणांचा) हा हिशेब नेमका कसा लागतो?

गोल्डातच_गाडी
अकाउंट गोल्ड 2 या रँकला आहे. जिंकणं-हरणं जवळपास निम्मं-निम्मं. पण जिंकलं की 14-15 आरआर मिळतात आणि हरलं की 24-25 जातात. टीममध्ये स्कोअर सगळ्यात जास्त असला तरी फार फरक पडत नाही. हे असं का? आणि यातून सुटायला दुसरं अकाउंट काढावं का?

धूरवाला_धोंडू
आधी तुझाच हिशेब बघ. 20 मॅच, 10 जिंकल्या, 10 हरल्या: +150 आणि −250. म्हणजे बरोबर 100 आरआर गेले, एक अख्खी पायरी. या आकड्यांवर नुसतं जागच्या जागी राहायलाच 62.5 टक्के मॅच जिंकाव्या लागतील.

गेममध्ये दोन आकडे असतात. एक दिसतो तो रँक आणि आरआर. दुसरा दिसत नाही तो एमएमआर. समोर कोण येणार हे एमएमआर ठरवतो, रँक नाही. तुझा एमएमआर सिल्व्हर 3 च्या आसपास असेल आणि बिल्ला (दिसणारा रँक) गोल्ड 2 चा असेल, तर गेम त्या बिल्ल्याला हळूहळू खाली ओढतो. उलट एमएमआर वर असेल तर +25, −14 असे आकडे दिसतात. दोन्ही एका पातळीला आले की मिळणं आणि जाणं जवळपास सारखं होतं. म्हणजे हे −25 शिक्षा म्हणून नाहीत, बिल्ला खऱ्या जागी आणायची ती पद्धत आहे.

ही तफावत येते कुठून? बहुतेक वेळा जास्त तगड्या मित्राबरोबर ड्युओ (दोघांची जोडी) खेळून वर चढलेलं असतं, किंवा सलग जिंकण्याच्या लाटेत रँक पुढे गेलेला असतो.

बाकी नियम थोडक्यात: 100 आरआर झाले की पुढची पायरी, आणि तिथे किमान 10 आरआर हातात मिळतात. 12 आरआर असताना −25 आले तर आकडा 0 वर थांबतो, लगेच घसरण नाही. 0 वर असताना हरणं चालूच राहिलं की मग खाली. खालच्या पायरीवर मात्र 70 च्या खाली टाकत नाहीत, त्यामुळे परत यायला दोन-तीन विजय पुरतात.

दुसरं अकाउंट काढू नकोस. कॉम्पिटिटिव्ह (रँकच्या मॅच) उघडायला लेव्हल 20 लागते, मग प्लेसमेंटच्या (पहिला रँक ठरवणाऱ्या) मॅच, आणि खेळ तोच असेल तर गाडी फिरून तिथेच येणार.

एस_मारणारच
सोपं आहे. जेट नाहीतर रेना (चढाई करणारे एजंट, म्हणजे पात्रं) घे, 25-30 किल काढ, एसीएस (राउंडमागे सरासरी स्कोअर) 300 च्या वर ठेव. आरआर आपोआप वाढतात.

इको_काकू
अर्धंच खरं आहे. खालच्या आणि मधल्या रँकना वैयक्तिक खेळाचा वाटा धरतात, पण इम्मॉर्टलपासून (बराच वरचा रँक) वर तो सुटतो; तिथे जिंकलं की हरलं आणि राउंडचा फरक किती, एवढंच. आणि एसीएसवर फार विसंबू नये. राउंडमधला पहिला शत्रू मारला की 150 गुण, शेवटचा मारला की 70. म्हणजे एकास एक उरलेला असताना राउंड वाचवणाऱ्याला, सुरुवातीलाच एक मारून मरणाऱ्यापेक्षा कमी गुण! तक्त्यात वर दिसणं आणि राउंड जिंकून देणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आरआर गळतात ते राउंडच्या फरकातून. 11-13 ने हरणं आणि 3-13 ने हरणं सारखं मोजलं जात नाही. 0-5 झालं म्हणून सरेंडरचं (मॅच अर्ध्यातच सोडून देण्याचं) मत मागणारे स्वतःचेच आरआर फेकतात.

गोल्डमध्ये राउंड जातात ते नेमापेक्षा खरेदीमुळे. उदाहरण घ्या. पिस्तूल राउंडचे (पहिल्या राउंडचे) 800 क्रेडिट सगळे खर्च केले आणि हरलात: 1900 मिळाले. दुसऱ्या राउंडला काहीच न घेता हरलात: आणखी 2400. हातात 4300. व्हँडल (रायफल) 2900, हेवी शील्ड (चिलखत) 1000, वर 400 स्मोक-फ्लॅशला. तिसऱ्या राउंडला पाचही जण पूर्ण तयार.
आता हेच दुसऱ्या राउंडला स्पेक्टर (स्वस्तातली बंदूक) 1600 आणि लाइट शील्ड 400 घेऊन हरलात (1900 मध्ये बसत नाही, म्हणून एक-दोन किल झालेत असं धरा), तर तिसऱ्याला हातात जेमतेम 2500-2700. परत स्पेक्टर, परत हार. एका मोहापायी दोन राउंड. त्यातही पाचातले दोघे विकत घेतात आणि तिघे वाचवतात, तेव्हा तर काय, ना इकडचे ना तिकडचे.

बंदूक वाचवायचा हिशेबही करा. हरलेल्या राउंडमध्ये जिवंत राहिलात (हल्ला करताना स्पाइक (बॉम्ब) न लावता वेळ संपली, किंवा बचाव करताना स्पाइक फुटला) तर फक्त 1000 मिळतात. सलग तिसऱ्या हारीला मेलेल्याला 2900 मिळतात. म्हणजे लपून बसायची किंमत 1900. व्हँडल आणि शील्डसाठी परवडतं. 1600 च्या स्पेक्टरसाठी कोपऱ्यात लपणारे मात्र 300 चा तोटा करून घेतात आणि वर 'गन वाचवली' म्हणून सांगतात.

हल्ल्याला असाल तर राउंड हातचा गेला असं वाटलं तरी स्पाइक लावा. टीममधल्या प्रत्येकाला 300 मिळतात, पाच जणांचे 1500.

गोल्डातच_गाडी
खरेदीचं पटलं. अजून दोन गोष्टी. आम्ही चौघे एकत्र खेळतो तर रँक्डचं बटणच चालत नाही. आणि मुंबईच्या सर्व्हरला रांग लांबली तर सिंगापूर पण टिकमार्क करून ठेवू का?

धूरवाला_धोंडू
चौघांची पार्टी रँक्डमध्ये नाहीच. उरलेल्या पाचव्या परक्याचं चौघांपुढे काही चालत नाही, म्हणून ती बंद. दोघे, तिघे किंवा पाच. दोघा-तिघांना रँकच्या अंतराची मर्यादा आहे: सिल्व्हरवाला गोल्डपर्यंत, गोल्डवाला प्लॅटिनमपर्यंत. पाच जण असतील तर कुठलाही रँक चालतो, पण अंतर जास्त असेल तर मिळणारे आरआर कापले जातात. इम्मॉर्टलला तिघांचीही सोय नाही.

सर्व्हर: महाराष्ट्रातून खेळत असाल तर फक्त मुंबई ठेवा. सिंगापूरला टिक लावली की कधीतरी मॅच तिकडे पडणारच, आणि कोपरा धरून बसलेल्याला जास्त पिंगचा (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा) फटका जास्त बसतो. समोरून झेप घेणारा तुम्हाला उशिरा दिसतो. ते आरआर परत मिळत नाहीत. पिंग 20 असून गोळ्या लागत नसतील तर वायफाय सोडा, केबल लावा आणि ग्राफमध्ये पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) बघा.

एजंट निवडीच्या पडद्यावरून पळू नका. आरआर कापले जातात, वर रांगेत थांबायची शिक्षा, आणि वारंवार केलंत तर ती वाढत जाते. कोणी पहिल्याच राउंडला सुटला तर दुसऱ्याच्या सुरुवातीला चॅटमध्ये रीमेकचं (मॅच रद्द करण्याचं) मत मागता येतं. ते मिळालं तर उरलेल्यांची मॅच धरत नाहीत. तो क्षण चुकला की मग चौघांनी शेवटपर्यंत.

एस_मारणारच
बरं, स्पेक्टरचं ते 300 वालं कधी मोजलंच नव्हतं.

इको_काकू
आता टॅब दाबून समोरच्या टीमचे पैसेही बघत जा. तिथे त्यांची शिल्लक दिसते. समोर ऑपरेटर (लांबून मारायची स्नायपर बंदूक) घ्यायला 4700 जमलेत की नाहीत हे कळलं तर लांबच्या गल्लीत डोकं काढायचं की नाही ते ठरतं.