फ्रीबीएसडीची सर्टिफिकेट परीक्षा काढायचीय, पुढे काय करू?

फोंडेकर:
नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं दर रविवारी आठ-दहा पोरांना फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच, सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) शिकवतोय. पोरं तयार होतात पण वेर्ण्याला नाहीतर पर्वरीला इंटरव्ह्यूला गेली की पहिला प्रश्न सर्टिफिकेट आहे का, आणि बीएसडी म्हटलं की समोरचा गप्प. म्हणून आपणच परीक्षा काढावी म्हणतो. सिलॅबस चाळीस पानांचा झालाय, दोनशे प्रश्नही काढलेत. पासिंग ५० टक्के ठेवू की ६०?

डिचोलीची ताई:
दादा, तळमळ कळते, पण सिलॅबस जरा बाजूला ठेवा. परीक्षा कामावरून निघते, पुस्तकावरून नाही. बीएसडी सर्टिफिकेशन ग्रुपच्या स्वयंसेवकांनी आधी सर्व्हे करून लोक रोज काय काय करतात ते विचारलं, त्यावरून बीएसडीए (बीएसडी असोसिएट) परीक्षा उभी केली, ती सुरू व्हायला २००८ उजाडलं. त्यात फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी, ड्रॅगनफ्लाय या बीएसडी घराण्यातल्या चारही सिस्टीम होत्या. आता लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटची बीएसडी स्पेशालिस्ट परीक्षा आहे, पोरांना ती आधी दाखवा.

पासिंगचा आकडाही मनाने ठरवायचा नसतो. चार-पाच अनुभवी माणसं बसवा, प्रत्येक प्रश्नाला विचारा की जेमतेम काम जमणारी शंभर माणसं असली तर कितीजण हे बरोबर सोडवतील. त्याची सरासरी म्हणजे तुमचा आकडा, याला अँगॉफ पद्धत म्हणतात. आणि शिकवणारा तोच पेपर काढणारा असेल तर कंपनीवाला विश्वास का ठेवेल?

म्हापसेकर:
माझं मत, लेखी नकोच, मशीनवर बसवा. मागच्या पावसात आमच्याकडे लाइट गेली, यूपीएस संपला, लाइट आल्यावर सर्व्हर उठला पण वेबसाइट बंद. नवीन पोराने एनजिनएक्स (वेबसाइट चालवणारा प्रोग्राम) वनस्टार्टने, म्हणजे तेवढ्यापुरता, चालू करून ठेवलेला; मशीन उठताना काय सुरू करायचं ते सांगणाऱ्या आरसी डॉट कॉन्फ फाइलमध्ये एनेबल यसची ओळच नव्हती. सर्टिफिकेट होतं त्याच्याकडे, चार पर्यायांतला बरोबर ओळखून मिळवलेलं. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या परीक्षेत केलेलं काम रीबूटनंतरही टिकावं लागतं, म्हणून त्या कागदाला किंमत आहे. तुम्हीही तपासायच्या आधी मशीन रीबूट करा, अर्धी परीक्षा तिथेच होते.

डिचोलीची ताई:
@म्हापसेकर पटलं. फक्त प्रॅक्टिकलला प्रत्येकाला सारखंच मशीन आणि तपासणी स्क्रिप्टने हवी, नाहीतर आपला-परका सुरू होतं. आणि प्रश्न फुटतात हे धरूनच चाला, एकाच कामाचे चार-पाच प्रकार तयार ठेवा.

फोंडेकर:
ताई, वाईट नाही वाटलं, उलट डोळे उघडले. दोनशे प्रश्नांतले निम्मे तर कमांडचे ऑप्शन पाठ आहेत का एवढंच विचारतात, ते काढून टाकतो. या रविवारी क्लास नाही, वही घेऊन पणजी-मडगावात सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे जातोय, मागच्या महिन्यात नेमकं काय काय केलं ते लिहून आणतो. म्हापसेकर, सुरुवात तुमच्याकडून करू का? सकाळी दहाला येईन.