कोळसा सोडून जुन्या हवामानाच्या संशोधनात जावं का?

पऱ्हाटीवाला_वणी:
नमस्कार मंडळी. मी वणी तालुक्यातला, बीएस्सी जिऑलॉजी शेवटचं वर्ष, घरी कास्तकारी आहे. आमच्याकडे जिऑलॉजी म्हटलं की कोळशाची खाण, बाबा पण तेच म्हणतात की खाणीत लाग म्हणजे घराजवळ राहशील. पण हजारो वर्षांआधी पाऊस कसा होता हे शोधून काढतात ना, पॅलिओक्लायमेट, ते मले लय आवडते. यात आयुष्यभराचं करिअर होते का, आन पोट भरते का? बाबाले समजावून सांगायचं आहे.

मेहकरची_मातीवाली:
होते भाऊ, बिनधास्त ये. मी याच विषयात पीएचडी करते आन माझं सगळं काम तळ्याच्या गाळावर आहे. आपलं लोणारच बघ ना, भारतीय आन जर्मन लोकांनी मिळून तिथं तळाच्या गाळात पाइप उतरवून सुमारे १० मीटरचा कोअर, म्हणजे गाळाचा लांब उभा दांडा, काढला, त्यात जवळपास ११ हजार वर्षांचा हिशेब निघाला, २०१४ मध्ये छापून आलं. त्यात गेल्युसाइट नावाच्या खनिजाचे खडे सापडले, पाणी आटून आटून खूप खारं झालं की ते बनतात, म्हणजे ज्या थरात खडे तो काळ कोरडा. असे दोन लांब कोरडे काळ निघाले, एक ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आन दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. लोणारला लहानपणापासून जात होते पण हे वाचलं त्या दिवशी झोप नाही लागली.

रोजचं काम म्हणशील तर कोअर उभा चिरायचा, अर्धा तसाच जपून ठेवायचा आन अर्ध्यातून सेंटिमीटर-सेंटिमीटरचे नमुने काढायचे, ॲसिडनं माती विरघळवून परागकण वेगळे करायचे आन मायक्रोस्कोपखाली एकेका नमुन्यातले दोनशे-तीनशे मोजायचे, गवताचे किती, झाडांचे किती. मान मोडून येते. पण गवत एकदम वाढलेलं दिसलं की अंगावर काटा येतो, तिथं पाऊस कमी झालेला असू शकते.

पैशाचं, नेट-जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या शिष्यवृत्तीची परीक्षा, निघाली तर महिन्याला ३७ हजार आन वरून घरभाडं. पर्मनंट जागा कमी असतात आन चाळिशीजवळ जाईपर्यंत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, करत फिरावं लागू शकते, हे बाबांना आधीच सांग, लपवू नको. लखनौची बिरबल साहनी संस्था, अहमदाबादची पीआरएल ही भौतिक संशोधन प्रयोगशाळा, गोव्याचं ध्रुवीय संशोधन केंद्र, पुण्याची आयआयटीएम ही हवामानशास्त्र संस्था, इथं हे काम चालते.

चांद्याचे_सर:
बेटा, बाबांना लॉनी थॉम्पसन या जुनं हवामान शोधणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांग. तोही कोळशाच्याच मुलखातला, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाचा, ओहायोला कोळशाचं भूशास्त्र शिकायला गेला आणि बर्फाच्या थरांतून जुनं हवामान वाचण्याकडे वळला. पेरूमधल्या केल्काया हिमटोपीवर, साडेपाच हजार मीटरच्या वर, अवजड यंत्रं नेणं शक्य नव्हतं म्हणून १९८३ साली सौरऊर्जेवर चालणारं ड्रिल लावून त्याच्या टीमनं कोअर काढले, पंधराशे वर्षांची नोंद मिळाली. बायको एलन मोस्ली-थॉम्पसन, तीही याच क्षेत्रातली.

आणि कोळसा सोडून जातोस असं समजूच नको. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ खडकावर हिमनदीनं घासलेल्या रेघा आहेत, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या, एकोणिसाव्या शतकातच त्यांची नोंद झाली. आज जिथं ४७-४८ डिग्री तापते तिथं बर्फ होता! तो वितळल्यावर दलदलीत ग्लॉसॉप्टेरिस या आता नामशेष झालेल्या झाडांची जंगलं वाढली आणि त्याचा हा तुझ्या वणीचा कोळसा झाला. मी पोरांना ग्लॉसॉप्टेरिसची पानं दगडात दाखवायचो, शिरांची जाळी बोटानं जाणवते.

कास्तकार_दारव्हा:
वाचून लय बरं वाटलं. पण मी विचारतो, आमच्या वावरात आता पावसाचा खंड पडते, सोयाबीन करपते, त्याले चार हजार वर्षांआधीचं काय कामाचं?

मेहकरची_मातीवाली:
काका, प्रश्न बरोबर आहे. पाऊस मापकानं मोजायला लागून दीडशेक वर्षंच झाली, त्यात शेकडो वर्षं चाललेला दुष्काळ दिसणारच कसा? मान्सून किती वाईट वागू शकते ते गाळातच दिसते. आन पुढचा पाऊस सांगणारं कॉम्प्युटर मॉडेल खरं की खोटं, हे जुन्या नोंदीवर चालवून तपासतात. या खरिपाले त्याचा उपयोग नाही, पण धरणं आन पाण्याचं धोरण पुढच्या पन्नास वर्षांसाठी ठरवतात तिथं हे लागते.

पऱ्हाटीवाला_वणी:
ताई, सर, खूप आभार. बाबाले लोणारचं वाचून दाखवलं, तर ते म्हणे मले पण ने तिथं. आता तयारी कशाची करू?

मेहकरची_मातीवाली:
केमिस्ट्री आन स्टॅटिस्टिक्स पक्कं कर, थोडं पायथन, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगची भाषा, शीक. आयआयटीतून एमएस्सी करायची तर जॅम या प्रवेश परीक्षेचा फॉर्म सप्टेंबरच्या आसपास निघते, चुकवू नको. नाही जमलं तर नागपूर, अमरावती आहेच.