गच्चीवर मारलेलं डांबर वितळतंय, काय करू?

स्लॅबखाली
आठ दिवसांपूर्वी गच्चीवर डांबर मारलं, स्वयंपाकघराचा कोपरा गळतो म्हणून. आता दुपारी वर पाय ठेवायची सोय नाही. काल आईची चप्पल रुतून तिथेच राहिली, ती अनवाणी पळत खाली आली, तळव्याला फोड आलेत. उताराकडे ओघळ गेलेत, पाइपच्या तोंडाशी गोळा झालाय. काही ठिकाणी वाटीएवढे फुगे आलेत. मृगाला तीन आठवडे उरले. यावर काय मारलं म्हणजे घट्ट होईल? मजूर उद्या सकाळी येतोय, लवकर सांगा.

निळीगच्ची
कोणतं डांबर? डब्यातलं थंड की तापवून ओतलेलं? गाव कुठलं? फोटो टाका.

खाडीकाठ
वर पत्र्याची शेड घाला. आमच्याकडे रत्नागिरीला सगळे तेच करतात. पाऊस स्लॅबला लागतच नाही, मग गळेल कुठून?

स्लॅबखाली
अहो, शेडचे पैसे असते तर डांबर कशाला मारलं असतं? गाव अकोल्याजवळ. डांबर म्हणजे डांबर, काळं. रस्त्याचं काम चालू होतं, त्यांच्याकडून उरलेला अर्धा ड्रम घेतला. चुलीवर तापवून झाडूने दोन हात दिले. एकदा फेस येऊन दुधासारखं उतू गेलं, ते सोडलं तर काम नीट झालं होतं.

खडीवाला
बावीस वर्षं रस्त्याच्या कामावर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ते उतू गेलं तेव्हा तुमच्या घरावरचं मोठं संकट टळलं. ड्रममध्ये पावसाचं पाणी असणार. तापलेल्या डांबरात पाणी गेलं की क्षणात वाफ होते आणि सगळं फेसाळून बाहेर येतं. खाली चूल पेटलेली. असं पुन्हा करू नका. कुणाच्या अंगावर गरम डांबर उडालं तर ते ओरबाडून काढायचं नाही, कातडी सोबत येते. भरपूर थंड पाणी ओतायचं आणि दवाखाना गाठायचा.

आता वितळण्याचं. रस्त्याला साधारण व्हीजी-३० किंवा व्हीजी-१० या प्रतीचं डांबर वापरतात. व्हीजी-३० मऊ पडतं ४७ अंशांच्या आसपास, व्हीजी-१० त्याच्याही आधी. मे महिन्यात अकोल्यात काळी गच्ची दुपारी ६० च्या वर जाते. मग ते वाहणारच. गच्चीला ८५/२५ प्रतीचं लागतं. रिफायनरीत गरम डांबरातून हवा फुंकून ते बनवतात. ८५ म्हणजे मऊ पडायचं तापमान. २५ म्हणजे २५ अंशांना १०० ग्रॅम वजनाची सुई पाच सेकंदांत २५ दशांश, म्हणजे अडीच मिलिमीटर आत जाते. त्यावरून कडकपणा कळतो. तुमचं डांबर वाईट नाही, जागा चुकली.

जुनापूल
हे मला पटत नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ चा, दहा वर्षांची हमी होती आणि पुढे कितीतरी वर्षं खड्डा नव्हता. तो नाही वितळला. हल्ली माल भेसळीचा येतो, दुसरं काही नाही.

खडीवाला
दादा, रस्त्यात वजनाने जेमतेम पाच टक्के डांबर असतं, बाकी खडी आणि चुरी. भार खडी पेलते, डांबर तिला फक्त बांधून ठेवतं. गच्चीवर खडी कुठे आहे? नुसतं डांबर ओतलंय, त्याला धरणार कोण?

विटकर
मोहेंजोदडोच्या स्नानकुंडाला विटांच्या मागे डांबराचा थर होता, साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. विटांच्या आत बंद, ऊन लागायचा प्रश्नच नाही. म्हणून माझं मत, विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर चायना मोझॅक, म्हणजे फरशीचे तुकडे. पिढी निघते.

निळीगच्ची
कोब्याचं वजन किती होतं माहीत आहे का? जुन्या स्लॅबवर विचारल्याशिवाय चढवायचा नाही. आणि कोबा एकदा भिजला की पाणी आतल्या आत फिरतं, गळती कुठली ते सापडत नाही. माझ्याकडे मेम्ब्रेनचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चादरीचा रोल चिकटवलाय, पाचवा पावसाळा येतोय.

विटकर
माझ्या वाड्यावरचा कोबा आजोबांनी केलेला आहे, ताई.

कडुनिंब_ताई
वेगळा मुद्दा, पण सांगायलाच हवा. आपण दोन वस्तूंना एकच नाव देतो. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या ज्यातून निघायच्या ते दगडी कोळशाचं डांबर, त्याच्यामुळे कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय. रस्त्याचं येतं कच्च्या तेलातून, हलके भाग उडून गेल्यावर खाली उरतं ते. पण त्याचाही धूर छातीत घेऊ नये. कुठल्याही काळ्या डब्यावर आधी वाचा काय आहे ते. आईंच्या पायाला अजून डांबर चिकटलेलं असेल तर रॉकेल लावू नका. फोड फोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

पेट्रोमॅक्स
गच्चीवरचं मात्र रॉकेलने निघतं. पाच लिटर ओता, ब्रशने घासा, तासाभरात साफ.

खडीवाला
कृपया हे करू नका! रॉकेलमध्ये डांबर विरघळतं आणि पातळ होऊन प्रत्येक भेगेत उतरतं. स्लॅबला तेल पाजलं की वर काहीच धरत नाही. शिवाय उन्हात, बंद कठड्याच्या आत रॉकेलची वाफ, आणि कुणी बिडी पेटवली तर?

निळीगच्ची
फुग्यांबद्दल कुणीच बोललं नाही. फुगा म्हणजे खाली ओल, ऊन लागलं की वाफ वर ढकलते. पण आठ दिवसांपूर्वी तिकडे पाऊस होता का? फुगे नेमके कुठे आहेत?

स्लॅबखाली
पाऊस कसला, ४४ चाललंय. फुगे टाकीच्या खांबांजवळ आहेत. तिथे कायम ओलच असते.

निळीगच्ची
थांबा. गच्चीवर टाकी आहे? स्वयंपाकघराचा कोपरा टाकीच्या खाली येतो? आणि उन्हाळ्यातही गळतो?

स्लॅबखाली
हो, बरोब्बर खाली. बाराही महिने ओल असते, पावसात जास्त. हे सांगायला हवं होतं का?

निळीगच्ची
तेच तर आधी! टाकीचा कॉक बंद करा, टाकीतून निघणाऱ्या पाइपचा सांधा कोरडा पुसा, खाली वर्तमानपत्र अंथरून रात्रभर ठेवा. सकाळी सांगा.

स्लॅबखाली
कागद चिंब. सांध्याला बोट लावलं तर थेंब हातावर. प्लंबर सांगितलाय, मजुराला परत पाठवलं. पण ते डांबर?

खडीवाला
पहाटे पाचला वर जा, तेव्हा ते सगळ्यात कडक असतं. आदल्या संध्याकाळी दगडाची चुरी पसरून ठेवा म्हणजे फावड्याला चिकटणार नाही. फुगे आधी कापा, मग पटाशीने पट्ट्या काढा. दोन-तीन पहाटा लागतील. पाइपच्या तोंडातला गोळा आधी काढा, नाहीतर पहिल्याच पावसात गच्चीचं तळं होईल. स्लॅब पूर्ण वाळल्यावर भेगा दिसतील, त्यांचा फोटो टाका. ८५/२५ घरी तापवायला आणू नका, ते याहून बरंच जास्त तापवावं लागतं.

खाडीकाठ
पाइपचा सांधाही शेडखाली असता तर उन्हाने तडकला नसता.

पाणवठा
याच धाग्यात विचारतो, आमची सिमेंटची टाकी आतून पाझरते. डांबर मारलं तर चालेल का?

कडुनिंब_ताई
पिण्याच्या पाण्याची असेल तर अजिबात नाही. कसली टाकी, किती जुनी, ते लिहून नवा धागा काढा.