थ्रेशरमध्ये हात गेला, मशीनमालक म्हणतो पन्नास हजारांत मिटवा

प्रश्न – सेलू, जि. परभणी (2 एप्रिल 2025)
मेहुण्याचा उजवा हात 18 मार्चला हरभऱ्याच्या मळणीत थ्रेशरमध्ये गेला. कोपराच्या खालून काढावा लागला. वय 30 पूर्ण. मशीनमालक गुत्त्यानं मळणी करून देतो, महिना 12 हजार तोंडी ठरले होते. आता तो म्हणतो, पन्नास हजार घ्या आणि बाँडवर सही करा, हात आत घालायची चूक याचीच होती. सही करावी का? सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे, दीड एकर.

उत्तर 1
सही अजिबात करू नका. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 17 नुसार हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल असतो. पण सही झाली की पुढे कोर्टात ते निस्तरण्यातच वेळ जातो. ट्रॅक्टर किंवा यंत्रावर चालणारं शेतीकाम या कायद्यात येतं आणि मजुराचा निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव ठरत नाही. दारू पिऊन असणं, सुरक्षेचं झाकण मुद्दाम काढणं असं काही असेल तरच वाद.

हिशोब असा: 12,000 चे 60 टक्के म्हणजे 7,200. वय 30 ला गुणक 207.98. गुणाकार 14,97,456 रुपये. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. त्यातले हात गेल्याचे टक्के मिळतात. 60 टक्के धरले तरी 8,98,473 होतात. पन्नास हजार कुठे आणि हे कुठे! दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, तोही मालकाकडूनच, म्हणून मेडिकलची एकही पावती टाकू नका.

रक्कम अपघाताच्या दिवसापासून देय असते. महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के सरळ व्याज, आणि कारण न पटल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंड. दावा दोन वर्षांच्या आत लावा. अपघात झाला तिथे किंवा मजूर राहतो तिथेही तो चालतो, म्हणजे बाहेर जिल्ह्यात ऊसतोडीला गेलेल्यालाही गावाकडून लढता येतं.

उत्तर 2
वरच्या हिशोबात एक गोष्ट राहिली. कायद्याच्या परिशिष्टात कोपराच्या टोकापासून खाली साडेचार इंच ही रेषा आहे. हात त्या रेषेवर किंवा त्याखाली कापला असेल तर 60 टक्के, त्याच्या वर असेल तर 70. तुमच्या आकड्यात हा फरक जवळजवळ दीड लाखाचा आहे. म्हणून सर्जनकडून उरलेल्या भागाची लांबी इंचात किंवा सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या. नुसतं 'कोपराखाली' लिहिलं की मालकाचा वकील 60 वरच अडून बसतो.

टक्के याच्याही वर जाऊ शकतात. 1976 मध्ये प्रताप नारायण सिंग देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डावा हात गेलेल्या सुताराची कमाईची क्षमता 100 टक्के गेली असं मानलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. मजुराचा उजवा हात गेलाय, हा मुद्दा अर्जात पहिल्याच पानावर मांडा. अपंगत्वाच्या युडीआयडी कार्डावरचे टक्के आणि कमाई बुडाल्याचे टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांची साक्ष कमाई बुडाल्याच्या टक्क्यांसाठी लागते.

उत्तर 3
आधी मुदतीचं बघा. सासरे खातेदार आहेत, पण मेहुणा तुमच्या सासऱ्यांचा मुलगा असेल तरच पुढचं लागू. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत खातेदाराच्या कुटुंबातला खातं नसलेला एक सदस्यही बसतो. एक हात गेल्यास 1 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम पंधरवडा उरलाय. बँक पासबुकात वर्षाला 20 रुपये कापलेले दिसत असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचेही 1 लाख, तो दावाही शक्यतो 30 दिवसांतच बँकेत द्या. हे पैसे मिळाले म्हणून मालकाची जबाबदारी कमी होत नाही.

प्रश्नकर्ता
मुलगाच आहे. पण डिस्चार्ज कार्डावर 'घरी काम करताना मशीनमध्ये हात' असं लिहिलंय. दवाखान्यात मालकच सोबत होता.

उत्तर 2
मालक सोबत असला की हेच लिहिलं जातं, आणि दावा तिथेच अडकतो. आज तीन कामं करा. दवाखान्यातून एमएलसीची (अपघाताची पोलिसांसाठी केलेली वैद्यकीय नोंद) नक्कल मागा. पोलीस ठाण्यात मेहुण्याचा जबाब द्या, त्यात शेताचा गट नंबर, मशीनमालकाचं नाव आणि सोबतच्या मजुरांची नावं येऊ द्या, आणि पंचनाम्याचा आग्रह धरा. घास टाकायच्या तोंडावर झाकण होतं का, पट्टा उघडा होता का, हे मशीन दुसऱ्या गावाला जायच्या आत फोटोत यायला हवं. मजुरीचा पुरावा म्हणून फोनपेच्या नोंदी आणि सोबतच्या मजुरांचे जबाब चालतात.

मग मालकाला पोचपावतीसह लेखी नोटीस. मशीन ट्रॅक्टरवर चालत असेल तर ट्रॅक्टरच्या विमा पॉलिसीची प्रतही मागा. विमा कंपनी वाद घालेल, तरी तिला पक्षकार करा. फक्त मोटार अपघात न्यायाधिकरण आणि हा कायदा यांतला एकच रस्ता निवडता येतो.

उत्तर 1
वकिलाची फी नसेल तर परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला त्यासाठी आडवा येत नाही.

उत्तर 4 (डिसेंबर 2025)
आता वाचणाऱ्यांसाठी: 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. त्याआधीच्या अपघाताला जुनाच कायदा लागू. नंतरचा अपघात असेल तर अर्जावर संहितेची कलमं घाला.