लग्नाच्या पैठणीवर बाही कोणती शिवू? परवा माप द्यायचंय

नवरी_मे_महिन्यातली: मदत कराच. लग्न नाशिकला, भर मे महिन्यात, हॉलला एसी नाही. येवल्याहून जांभळी पैठणी आणलीये, ब्लाऊजपीसला चार इंची मुनिया (पोपटांचा) काठ आहे. आई म्हणते कोपरापर्यंत बाही, ताई म्हणते स्लीव्हलेस, आणि मला नेटची फुल बाही आवडलीये, त्यात आजीची वाकी पण घालायचीये, डोकं फिरलंय नुसतं.

कैरीचं_लोणचं: नेट विसर बाई. हिरवा चुडा, पाटल्या, तोडे आणि खाली जाळी, दिवसभर अडकत बसेल. मेंदी झाकली जाईल ते वेगळंच.

सुईदोरा: वीस वर्षं ब्लाऊज शिवतेय म्हणून सांगते, आधी वाकी कुठे बसते ते बघ. कोपर बाही घेतलीस तर वाकी बाहीवरच चढवावी लागणार, आणि जरीच्या काठावर सोनं काय दिसणार गं? बाही सहा इंच ठेव, चार इंच अख्खा काठ आणि वर दोन इंच साधं कापड, वाकी खाली उघड्या दंडावर. काठ मात्र कापू देऊ नकोस, अर्ध्या मानेचे पोपट फार वाईट दिसतात. अस्तर सुतीच, आणि काखेत शिलाईच्या आत इंचभर माया (जादा कापड) सोडायला सांग.

घाईत_आहे: +१ मायेला. माझ्या नवऱ्याला मित्रांनी उचलून धरलं, मी हार घालायला हात वर केला आणि उजवी बाही काखेतून टर्रकन उसवली, पुढचे सगळे फोटो मी शेला ओढून बसलेली. टेलरकडे ट्रायलला दोन्ही हात वर करून बघ, लाजू नकोस.

ताईची_बाजू: स्लीव्हलेस रिसेप्शनला चालेल की. पफ घेणार असशील तर मुहूर्ताला नको, शेल्याखाली चेपतो.

नवरी_मे_महिन्यातली: सुईदोरा ताई, सहा इंच फायनल. पण आत्ता वाकी काढून बघितली तर दंडात जातच नाहीये, आजी फारच बारीक होती 😭

सुईदोरा: अगं मग माप थांबव, आधी सोनाराकडे जा. मागे साखळी किंवा गोंडा लावून वाढवून मिळते. ती दंडावर चढवूनच माप दे.