तिन्ही ट्यूब लगेच बदलू नका
चित्र पिवळट दिसतंय म्हणून जुन्या ट्यूबवाल्या (सीआरटी) प्रोजेक्टरच्या लाल, हिरवी, निळी अशा तिन्ही पिक्चर ट्यूब बदलायच्या का, असं तुम्ही विचारलंय. घाई करू नका. पिवळेपणा आला की बहुतेक वेळा एकटी निळी दमलेली असते. प्रोजेक्टर बंद करून प्रत्येक लेन्समधून टॉर्च मारा. आत ४:३ आकाराचा करडा-तपकिरी चौकोन उमटलेला दिसला, तर ती ट्यूब झिजली. स्वच्छ असलेल्यांना हात लावू नका.

ट्यूबसमोरचं, तिला थंड ठेवणारं ग्लायकॉलचं द्रवही बघा. ते गढूळलं असेल तर कधीकधी तेवढं बदलून भागतं. (सांडलं तर लगेच पुसा, गोडसर असतं, मांजर-कुत्री चाटतात आणि ते विषारी आहे.)

ट्यूब काढायचीच ठरली तर लक्षात ठेवा, ॲनोडवर (ट्यूबच्या उच्च दाबाच्या जोडणीवर) ३० हजार व्होल्टच्या आसपास विजेचा दाब असतो, आणि बंद केल्यावरही चार्ज उरतो. काम येत असलेल्या माणसाकडून डिस्चार्ज करून घेतल्याशिवाय आत हात घालू नका, ही मनापासून विनंती. योक (किरण वळवणारं तारांचं वेटोळं) आणि चुंबकं ट्यूबच्या मानेवर, म्हणजे मागच्या निमुळत्या भागावर, कुठे होती याचे फोटो आधीच काढा. मान फार नाजूक, तिला धरून ट्यूब कधीच उचलू नका. नवी बसली की प्रोजेक्टर निदान अर्धा तास तापू द्या, मग हिरव्या ट्यूबचं चित्र जुळवून लाल-निळ्याची चित्रं बरोबर त्याच्यावर आणा.